जिनिंग लागली की टाका देखणा यायचा

आधीच माफी मागून घेते. माझं अक्षर वाईट आहे आणि शुद्धलेखन त्याहून वाईट. बोरी अरबच्या शाळेत चौथी पास झाले आणि शाळा सुटली. ऱ्हस्व कुठं आणि दीर्घ कुठं हे तेव्हा गुरुजींना विचारायला लाजत होते, आता विचारायला गुरुजी नाहीत. शिवाय पेन धरला की माझी बोटं कानस धरल्यासारखी घट्ट होतात आणि लिहिलेलं पुढच्या पानावर उमटतं. वाचणाऱ्यानं सांभाळून घ्यावं.

वाचणारी म्हणजे माझी नात. मागच्या दिवाळीला जावयानं जुनी का होईना, चारचाकी घेतली. सगळे बसून बघत होते, एसी लावून बघत होते. मी मागच्या सीटवर बसले आणि हळूच खाली हात घालून सीटच्या पायाजवळचा ब्रॅकेट चाचपला. नात म्हणाली, "आजी, काय शोधून राह्यली? पैसे पडले का?" मी म्हटलं, "काही नाही, टाके मोजते." सगळे हसले. चार माणसांत बोलायचं म्हटलं की माझी जीभ टाळूला चिकटते, म्हणून मीही हसले आणि गप्प बसले. पण पोरीनं पिच्छा सोडला नाही. कोणते टाके, कायचे टाके? तिच्यासाठी हे लिहिते. कागदासमोर मला तेवढी लाज वाटत नाही.

तर मी यवतमाळच्या एमआयडीसीत भाऊंच्या वर्कशॉपमध्ये स्पॉट वेल्डिंग करत होते. भाऊ म्हणजे आमचे मालक, पण त्यांना मालक म्हटलेलं आवडायचं नाही. ते स्वतः आमच्याबरोबर पत्रा कापायला बसत. वर्कशॉपमध्ये धान्याच्या कोठ्या, कपाटं आणि उन्हाळ्याच्या आधी कूलर व्हायचे. कापसाचे वाईट दिवस चालू होते. भाव नाही, म्हणून वेचणीची मजुरीही धड मिळायची नाही. आमचे हे ऑटो चालवायचे. बाजारात माणसाच्या हाती पैसा नसला की ऑटोत कोण बसतं? चौकात उभे राहून राहून कंटाळायचे. अशा दिवसांत मला बारा महिने डोक्यावर पंखा असलेलं काम मिळालं होतं. ते मला आमच्या वस्तीतल्या कमलबाईनं मिळवून दिलं. ती तिथं आधीपासून होती.

स्पॉट वेल्डिंग म्हणजे काय ते सांगते. रस्त्याच्या कडेला वेल्डिंगवाला डोळ्यासमोर काच धरून काडी जाळत बसतो, ते हे नाही. यात काडी नाही, गॅस नाही, डोळे दिपत नाहीत. मशीनला वर एक आणि खाली एक अशी तांब्याची दोन टोकं असतात. दोन पत्रे एकमेकांवर ठेवून त्या टोकांच्या मध्ये धरायचे आणि पायानं पेडल दाबायचं. वरचं टोक खाली येतं, पत्रे चिमटीत धरतं, मग वीज जाते आणि टोक उचलतं. खट्, झंऽऽ, खट्. एवढाच आवाज. दोन्ही पत्र्यांच्या मधोमध, जिथं आपल्याला दिसत नाही तिथं, लोखंड वितळून तुरीच्या दाण्याएवढा गोळा होतो आणि दाबातच थिजतो. झालं, दोन पत्रे एक झाले. वरून फक्त दंडावरच्या देवीच्या व्रणासारखा एक गोल खड्डा दिसतो. कारखान्यात त्याला स्पॉट म्हणतात. आम्ही बायका टाका म्हणायचो, कारण रांगेनं मारत गेलं की शिवणीसारखे दिसायचे.

तांब्याच्या टोकांना आतून पाणी फिरवावं लागतं, नाही तर ती तापून पसरतात. त्यासाठी एक ड्रम होता. उन्हाळ्यात टँकर आला की आधी तो ड्रम भरायचा आणि मग आमचा माठ. कमलबाई म्हणायची, "मशीन सासू हाये आपली. तिचं आधी."

सगळ्यांना हे काम खरं वाटायचं नाही. एकदा राजूरच्या खाणीतला एक माणूस कूलर न्यायला आला. अंगानं चांगला भरलेला. कूलरभोवती फिरला, बोट फिरवलं आणि म्हणाला, "याले नट नाही, बोल्ट नाही, रिपीट नाही. गोंदानं चिकटवला का?"

भाऊ म्हणाले, "उभे राहा त्याच्यावर."

तो म्हणाला, "मी कोळसा फोडतो भाऊ. माझ्या वजनाचा अंदाज हाये का तुम्हाले?"

"तुम्ही उभे तर राहा."

त्यानं चपला काढल्या आणि देवळात चढावं तसा कूलरवर चढला. पत्रा मधोमध खोल बसला, पण चारी बाजूंचा एकही टाका सुटला नाही. तो वरूनच म्हणाला, "पक्का हाये." मग खाली उतरला, खड्डा पाहिला आणि म्हणाला, "आता हा दबलेला हाये. कमी करा." भाऊंना इतकं हसू आलं की त्यांनी खरंच कमी केले. तो माणूस पुढं दरवर्षी कुणाला ना कुणाला घेऊन यायचा आणि नवीन गिऱ्हाइकाला म्हणायचा, "चढून पाय, मी चढलतो."

हे सगळं साध्या पत्र्याचं. साधा पत्रा मायाळू असतो. वीज थोडी कमी-जास्त झाली, टोक थोडं झिजलं, तरी तो सांभाळून घेतो. कूलरला तरी कोण हिसके देतं? उन्हाळाभर खिडकीत बसलेला असतो.

मग भाऊंनी नागपूरहून एक काम आणलं. तिथली एक कंपनी मोटारींच्या सीटचे भाग करून मोठ्या कारखान्याला द्यायची. त्यातला एक लहानसा ब्रॅकेट, सीटचा पाय ज्याच्यावर बसतो तो, आमच्याकडं करायला दिला. पत्रा त्यांचा, मशीनही त्यांचं. भाऊंच्या जुन्या मशीनच्या दुप्पट मोठं मशीन ट्रकमधून उतरलं तेव्हा आजूबाजूचे लोक बघायला आले. बोली अशी होती की मशीनची किंमत बिलातून थोडी थोडी कापून घ्यायची, आणि काम नीट झालं नाही तर मशीन उचलून परत न्यायचं.

त्या पत्र्याला ते हाय स्ट्रेंग्थ म्हणायचे. भाऊंनी एक पट्टी माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "सुमनबाई, वाकवून पाहा." कूलरच्या पत्र्यापेक्षा जाड नव्हता, पण वाकवला की उसळी मारून परत सरळ. मी जोर लावला तर अंगठ्याला कळ आली. भाऊंनी समजावलं की मोटार हलकी व्हायला पाहिजे, पेट्रोल कमी लागायला पाहिजे, आणि ठोकली तर माणूसही वाचायला पाहिजे. म्हणून पत्रा पातळ ठेवतात आणि पोलादच असं बनवतात की पातळ असून जाडाचं काम करील. कमलबाईनं त्याचं नाव माजोरी पत्रा ठेवलं.

माजोरी पत्र्याचे लाड वेगळे. दोन तुकडे एकमेकांवर नीट बसतच नाहीत, म्हणून चिमटीचा दाब जास्त लागतो. वीज देतानाही घाई चालत नाही. कमी पडली तर मधला दाणा बारीक राहतो, जास्त झाली तर वितळलेलं लोखंड फुलबाजीसारखं बाहेर उडतं. आणि एकदम थंड झाला तर टाका ठिसूळ होतो, म्हणून त्या मशीनमध्ये टाका मारल्यावर पुन्हा हलकी ऊब द्यायची सोय होती. हे सगळं शिकवायला नागपूरहून खान साहेब आले. ते माल तपासणारे. उंच, दाढी पांढरी, आणि बोलणं अर्धं हिंदी अर्धं मराठी. त्यांनी सगळी बटणं जागेवर आणली आणि म्हणाले, "अब इसको कोणी हात नाही लावायचा." कमलबाईनं पिशवीतून नेलपॉलिश काढली आणि प्रत्येक बटणासमोर लाल टिकली लावली. खान साहेब म्हणाले, "वा बाई. ये तो हमारे नागपूर में भी नहीं है."

मी त्यांच्यासमोर एक शब्द बोलले नाही. नाव विचारलं तेही कमलबाईनंच सांगितलं.

त्यांनी एक गोष्ट पक्की बजावली होती. केलेल्या मालातून अधूनमधून एक नग काढायचा, टेबलाला बसवलेल्या शिकंज्यात घट्ट धरायचा आणि छिन्नी-हातोडीनं दोन पत्रे सोलून वेगळे करायचे. टाका चांगला असला तर तो सुटत नाही. एका पत्र्याला भोक पडतं आणि तो दाणा दुसऱ्या पत्र्यावर शर्टाच्या बटणासारखा उभा राहतो. टाका कच्चा असला तर दोन्ही पत्रे फट्‌कन सुटतात, बटण नाही, भोक नाही.

आता आमच्यासारख्या बायकांना धड केलेली वस्तू हातोडीनं फोडायची म्हणजे जिवावर यायचं. तयार नग, आपण केलेला, आणि फोडायचा? नग निवडायचं काम भाऊंनी माझ्याकडं दिलं, कारण माझी नजर चांगली होती. लहानपणापासून कापूस वेचलेला. वेचताना चांगला कापूस एका ओटीत आणि किडकी, डागाळलेली कवडी दुसऱ्या बाजूला, हे हाताला सांगावं लागत नाही. तेच मी इथं केलं. ज्या नगावर खड्डा खोल पडलेला, भोवती निळसर कडं आलेलं, कडेला ठिणगीचा थेंब चिकटलेला, असा कुरूप नग फोडायला घ्यायचा. देखणे नग पेटीत. फोडलेल्या प्रत्येक नगावर छान बटण उभं राहायचं. ती बटणं पाहून मला समाधान वाटायचं. वाटायचं, कवडी जर एवढी पक्की आहे तर बाकीच्या मालाला काय धाड भरली?

दुसरी एक गोष्ट आमच्या शेजारची. आमच्या भिंतीला लागून एक जिनिंग होती. सरकीपासून कापूस वेगळा करतात ती. हंगामात तिची मशिनं चालू झाली की आमचा पंखा हळू व्हायचा आणि बल्ब पिवळा पडायचा. आमचं मशीनही तेव्हा शांत व्हायचं. ठिणग्या उडायच्या नाहीत, साडीला भोकं पडायची नाहीत, आणि टाका असा गुळगुळीत यायचा की त्यावरून हात फिरवावासा वाटे. म्हणून पंखा हळू झाला की कमलबाई हातातला कूलरचा पत्रा बाजूला ठेवून ओरडायची, "चला वं, जिनिंग लागली! गाडीचा माल घ्या!" मोटारीचं काम नाजूक, पैशाचं, नागपूरचं. ते चांगल्या वेळी करायचं, अशी आमची समजूत.

बरेच दिवस असं सुखात गेलं. मग एका सकाळी खान साहेब न सांगता आले. बरोबर टेम्पो होता आणि टेम्पोत आमच्याच पेट्या.

त्यांनी एक पेटी उघडली, वरचा देखणा नग उचलला आणि फरशीवर आपटला. ठण्‌ आवाज झाला आणि दोन पत्रे दोन दिशांना गेले. दुसरा उचलला. तोही गेला. तिसरा घेऊन त्यांनी कमलबाईकडं धरला, "आप भी देखो." कमलबाईनं आपटला, तो तुटला नाही. तिचा चेहरा खुलला. खान साहेब म्हणाले, "जोर से." तिनं जोरात आपटला आणि तो तुटला.

भाऊ खालीच बसले. खान साहेबांनी त्यांना पाणी दिलं आणि सांगितलं की नशीब, नागपुरातच सीट जोडताना कळलं, एकही ब्रॅकेट मोटारीत गेला नाही. पण तेवढा सगळा पत्रा वाया गेला होता. त्याचे पैसे, गाडीभाडं, सगळं भाऊंनी भरून द्यायचं होतं. नाही तर मशीन परत.

मी कोपऱ्यात उभी होते. त्या सीटवर बसणारं माणूस माझ्या डोळ्यांसमोर येत होतं. चेहरा नव्हता त्याला, पण मांडीवर एक लेकरू होतं.

खान साहेबांना कोडं हे पडलं होतं की आम्ही फोडलेले नग सगळे पक्के कसे. ते डब्यात ठेवलेले होते. त्यांनी एकेक बटण बोटानं चाचपलं. "टेस्ट तो बराबर है. कौनसा नग तोडते आप लोग? कसा निवडता?"

मी मान खाली घातली. कमलबाईनं अभिमानानं सांगितलं, "तोंड पाहून!"

"म्हणजे?"

"आता चांगला माल कोणी फोडते का साहेब? तोंडानं वंगाळ दिसला तो फोडतो. सुमीची नजर लय तेज हाये. कवडी बराबर काढते."

खान साहेबांनी डोक्याला हात लावला. पण रागावले नाहीत. म्हणाले, "बाई, तोंड पाहून सोयरीक करतात. स्पॉट तोंड पाहून नाही होत." मग त्यांनी एक कुरूप नग आणि एक देखणा नग शेजारी ठेवून दाखवला. खोल खड्डा म्हणजे आत लोखंड चांगलं वितळलं आणि बसलं. गुळगुळीत, वरवरचा टाका म्हणजे आत दाणा धरलाच नाही. साध्या पत्र्यात तेवढ्यावरही भागतं, माजोरी पत्र्यात भागत नाही. मी देखणे नग फोडून कुरूप नग पाठवले असते तर एवढं नुकसान झालं नसतं.

पण देखणे नग कच्चे होतात कशानं, हे कळेना. बटणं तर नेलपॉलिशच्या टिकलीवरच होती. दुपारपर्यंत त्यांनी मशीन तपासलं, पाणी तपासलं, टोकं तपासली. काही सापडलं नाही. भाऊंनी चहा मागवला. खान साहेब पंख्याखाली बशीत चहा ओतत होते तेवढ्यात पंखा हळू झाला.

कमलबाईचं डोकं दुःखात होतं, पण सवय तोंडात होती. ती ओरडली, "चला वं, जिनिंग लागली! गाडीचा माल घ्या!"

आम्ही दोघीही सवयीनं उठलो. कूलरचे पत्रे बाजूला ठेवले आणि मोटारीचे घेतले.

खान साहेबांची बशी तोंडापाशीच थांबली. त्यांनी वर पंख्याकडं पाहिलं, मग पिवळ्या बल्बकडं, मग आमच्याकडं. "काहून? आत्ताच काहून घेतला गाडीचा माल?"

"आता मशीन शांत चालते नं," कमलबाई म्हणाली. "चिंगाऱ्या उडत नाही. काम देखणं येते."

ते हसायला लागले. एवढे हसले की बशीतला चहा शर्टावर सांडला. भाऊंनाही कळलं आणि तेही हसायला लागले, मग डोळे पुसायला लागले. आम्हा दोघींना काही कळेना. शेवटी भाऊंनीच सांगितलं, "कमलबाई, वीज म्हणजे नळाचं पाणी हाये. वरच्यानं मोटर लावली की आपली धार बारीक होते. मशीन शांत नाही होत बाई, मशीन उपाशी राहते!"

म्हणजे आम्ही माजोरी पत्रा नेमका मशीन उपाशी असताना शिवत होतो, आणि त्यातून कच्चे टाके देखणे म्हणून नागपूरला पाठवत होतो. आजही मला त्याचं हसू येतं, आणि हसता हसता ते लेकरू आठवतं आणि हसू थांबतं.

संध्याकाळी भाऊंनी फोनवरून नागपूरच्या मोठ्या साहेबांशी बोलून पैसे बिलातून कापून घेण्याची विनंती केली. साहेब तयार नव्हते. खान साहेबांनी फोन घेतला. ते काय बोलले ते सगळं मला समजलं नाही, पण एक वाक्य ऐकलं. "गलती पकडी गई है साहब, अब दुसरी बार नहीं होगी. नए लोग से तो होगी." ठरलं असं की पत्र्याचे पैसे बिलातून कापत पूर्ण फिटेपर्यंत काम चालू ठेवायचं. मध्ये एक जरी पेटी परत आली तर मशीन त्याच टेम्पोतून जाणार.

भाऊंनी आमच्या मजुरीला हात लावला नाही. पण त्या दिवसापासून ते देणं आम्हाला आमचंच वाटायला लागलं.

आधी आम्ही शहाणपणा करून पाहिला. जिनिंग लागली की वीज वाढवायची. लाल टिकलीच्या पुढं बटण नेलं. काम बरं चाललं होतं, तेवढ्यात शेजारी जिनिंग एकदम बंद झाली, सगळी वीज आमच्याकडं आली आणि लक्ष्मीपूजनाची रात्र झाली. कमलबाईच्या नव्या साडीला पदरापासून निऱ्यांपर्यंत भोकं. ती म्हणाली, "आता गाळणी म्हणून वापरते हिले."

मग दुसरा उपाय केला. जिनिंग चालू असताना कूलर आणि कोठ्या, जिनिंग बंद असताना मोटारीचा माल. बोलायला सोपं, पण जिनिंग केव्हा लागेल हे जिनिंगवाल्यालाही माहीत नसायचं. म्हणून पहाटे यायला लागलो. हे मला ऑटोनं सोडायचे. पहिल्यांदा म्हणाले, "लोकं नवरीले असे सोडत नाही, तसा मी तुले मशीनपाशी सोडून राह्यलो." पण रोज उठायचे. कमलबाईलाही घ्यायचे आणि तिच्याकडून पैसे घ्यायचे नाहीत. ती रोज पैसे काढल्यासारखं करायची आणि हे रोज नको म्हणायचे.

वर्कशॉपला गेल्यावर पहिलं काम म्हणजे जिनिंगच्या फाटकाकडं बघायचं. बैलगाड्या, ट्रॅक्टर रांगेत उभे असले की समजायचं, आज दिवसभर कूलर. फाटक मोकळं असलं की मोटारीचा माल. त्या वर्षी फाटक बरेचदा मोकळंच असायचं. भाव इतका पडलेला की लोक कापूस विकायला आणतच नव्हते.

माझ्या भावाच्या घरी बोरीला त्या वर्षी मधली खोली आढ्यापर्यंत कापसानं भरली होती. माणसं ओसरीत झोपत होती. मी गेले तेव्हा वहिनी म्हणाली, "पाय बाई, आमचा महाल. गादीच गादी." माझा भाऊ म्हणाला, "भाव आला की नेतो." मी यवतमाळला परत आले, फाटक मोकळं दिसलं आणि मनात आलं, बरं झालं, आज टाका चांगला येईल. आणि लगेच स्वतःचीच लाज वाटली. भावाचा कापूस घरात होता तोवर माझे टाके पक्के येत होते. हे मी कुणाला कधी सांगितलं नाही. कमलबाईलाही नाही. पण तिचंही माहेर शेतातलंच होतं. एकदा मोकळ्या फाटकाकडं बघून तीच म्हणाली, "सुमे, आपलं चांगलं चाललं म्हणून चांगलं म्हणाव, का वाईट म्हणाव वं?" मी म्हटलं, "पेडल दाब."

फोडायचा नग निवडणं भाऊंनी माझ्याकडंच ठेवलं. मला वाटलं होतं काढून घेतील. मी आता उलटं करायला लागले. कुरूप नगाकडं बघायचंच नाही, पेटीतला सगळ्यात देखणा, ज्याच्यावर जीव जडावा असा नग उचलायचा आणि शिकंज्यात धरायचा. पहिल्या दिवशी हातोडी उचलवेना. कमलबाई म्हणाली, "मार. तुह्या पोटचा नाही." बटण उभं राहिलं की मगच माझा श्वास सुटायचा. नाही राहिलं तर अख्खी पेटी बाजूला. असं दोन-तीनदा झालं. पेटी भाऊंनीच उचलून बाजूला नेली.

नागपूरहून एकही पेटी परत आली नाही.

होळीच्या सुमारास कापसाचा भाव थोडा वर सरकला. फार नाही, पण लोक वाट बघून थकले होते. एका सकाळी आम्ही ऑटोतून उतरलो तर जिनिंगच्या फाटकापासून वळणापर्यंत गाड्याच गाड्या. रस्त्यावर कापसाच्या पुंजक्यांचा सडा. बैल रवंथ करत बसलेले, माणसं चहा पीत उभी, आणि गलका असा की जत्राच. त्या रांगेत एका ट्रॅक्टरवर माझा भाऊ. मला बघून त्यानं वरूनच हात हलवला आणि ओरडला, "बाई, खोली मोकळी झाली! ये राह्यले!"

मी वर्कशॉपमध्ये गेले. पंखा हळू फिरत होता, बल्ब पिवळा. कमलबाईनं कूलरचे पत्रे पुढं ओढले. त्या दिवशी आम्ही दिवसभर कूलरच केले, आणि मला आठवतं, मी काम करताना गुणगुणत होते. कमलबाई म्हणाली, "मुकी बोलली."

त्याच आठवड्यात खान साहेब आले. या वेळी टेम्पो नव्हता, एसटीनं आले होते. भाऊंच्या टेबलाशी बसून दोघांनी सगळी बिलं लावली. आम्ही लांबून बघत होतो. मग खान साहेब उठून आमच्याकडं आले आणि म्हणाले, "आखरी पेटी का एक नग फोडके दिखाओ. फिर मैं जाऊंगा." आणि त्यांनी हात घालून वरचाच एक नग उचलला.

मी म्हटलं, "तो नको, साहेब."

सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. माझे कान गरम झाले. पण जीभ सुटली होती, तर म्हटलं पूर्ण बोलावं. मी पेटीत हात घातला, खालून एक नग काढला, पदरानं पुसला आणि त्यांच्या हातात दिला. "हा घ्या. हा सगळ्यात देखणा हाये."

खान साहेबांनी तो उजेडात धरून बघितला. मग स्वतः शिकंज्यात लावला, छिन्नी ठेवली आणि घाव घातले. माजोरी पत्रा करकरला, वाकला, सुटायला तयार नव्हता. शेवटी सोलला गेला तेव्हा एका पत्र्याला गोल भोक होतं आणि दुसऱ्यावर बटण उभं. त्यांनी ते बटण अंगठ्यानं दाबून पाहिलं, मग तो पत्रा रुमालात बांधून खिशात ठेवला आणि भाऊंकडं वळून म्हणाले, "हो गया, भाऊ. पत्र्याचे पैसे पूर्ण फिटले. तुमच्याकडं एक रुपया बाकी नाही."